व्हिसा आला, तिकीट नव्हतंच: वडोदऱ्यातल्या दोन साडूंच्या परदेश सहलीचं प्रकरण

निवृत्तीनंतर मी दर शनिवारी संध्याकाळी दांडिया बाजाराजवळच्या एका वाचनालयात ग्राहक-तक्रारींचे कागद बघायला बसतो. मी वकील नाही. फ्रिज, मेडिक्लेम, बिल्डर असेच विषय जास्त येतात. २७ एप्रिल २०२४ च्या शनिवारी दोन साडू एकाच पिशवीत कागद घेऊन आले आणि एकमेकांशी न बोलता शेजारी शेजारी बसले. सहल एक, एजंट एक, पॅकेज एक, किंमतही एकच. तरी एकाचे जवळजवळ पावणेपाच लाख अडकले होते आणि दुसऱ्याचे तीन लाख. त्या तीनांतलेही दोन लाख पुढे परत आले. हा फरक कशामुळे पडला, ते सांगण्यासाठी हे प्रकरण लिहितोय. दोघांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

पार्श्वभूमी

थोरल्यांना इथे काका म्हणू, धाकट्यांना साडूभाऊ. काका ६७ वर्षांचे, एका सरकारी कंपनीतून निवृत्त. लग्नाला चाळीस वर्षं होत होती म्हणून काकूंना स्वित्झर्लंड दाखवायचं ठरलं. काकूंची धाकटी बहीण आणि साडूभाऊही तयार झाले. एजंट अलकापुरीतला, प्रोप्रायटरी म्हणजे एकाच मालकाच्या फर्मचा. आमच्या मंडळाला त्याने दोनदा चारधामला नेलं होतं, एकदा अंदमानला. जेवणात कांदा-लसूण कुणाला चालत नाही हे त्याला तोंडपाठ. अशा माणसाकडे कागद मागायला संकोच वाटतो, आणि या प्रकरणाचं मूळ निम्मं त्या संकोचात आहे.

पॅकेज माणशी २,२०,०००. जोडप्याचे ४,४०,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ४,६२,०००, त्यावर ५ टक्के टीसीएस म्हणजे २३,१००. एकूण ४,८५,१००. हा टीसीएस काय, हे काकांनी विचारलं तेव्हा एजंट म्हणाला, "सरकारचा आहे, रिटर्नमध्ये परत मिळेल." ते खरंच होतं. परदेश सहलीच्या पॅकेजवर टूर ऑपरेटरने प्राप्तिकराचा हा भाग गोळा करायचा असतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून दर वर्षाला ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के होता. नंतर हे दर बदलले. ऑपरेटरने ती रक्कम ग्राहकाच्या पॅनवर भरायची आणि तिमाही विवरणात दाखवायची. हा २३,१०० चा आकडा पुढे पुन्हा येणार आहे.

पैसे कसे गेले

डिसेंबरमध्ये दोन्ही घरांनी प्रत्येकी एक लाखाचा चेक फर्मच्या नावाने दिला आणि पूर्ण रकमेचं बिल घेतलं. इथपर्यंत दोघांची वाट एकच.

२० फेब्रुवारीला दोन-दोन लाख मागितले गेले. काकांना व्हॉट्सॲपवर एक मोबाइल नंबर आला: "फर्मच्या खात्यात लिमिटचा प्रॉब्लेम आहे, यावर करा." नंबर एजंटच्या मुलाचा होता. काकांनी यूपीआयने दोन दिवसांत एकेक लाख पाठवले. साडूभाऊंच्या मुलाने मात्र हट्ट धरला की क्रेडिट कार्डानेच भरायचं. एजंटने २ टक्के जास्त लागतील असं सांगितलं, म्हणजे ४,००० रुपये. त्यावरून साडूभाऊंच्या घरात दोन दिवस धुसफूस चालली. काका तर हसले होते: "चार हजारांत झुरिकला दोन वेळचं जेवण होईल." शेवटी लिंक आली आणि कार्डावर २,०४,००० पडले.

मार्चमध्ये व्हिसा झाला. अहमदाबादला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले होते, पासपोर्ट स्टिकर लागून परत आले. धुळवडीनंतर तीनच दिवसांनी, २८ मार्चला, एजंटने सांगितलं की ३१ तारखेच्या आत सगळे पैसे दिले तर जोडप्यामागे १५,००० सूट. काकांनी १,७०,१०० चा चेक दिला. साडूभाऊंचा मुलगा म्हणाला, तिकीट हातात आल्याशिवाय बाकी नाही. त्यांचे १,८५,१०० राहिले ते राहिलेच.

म्हणजे काकांचे गेले ४,७०,१००, साडूभाऊंचे ३,०४,०००.

अडचण कुठे दिसली

प्रस्थान १८ मेला मुंबईहून होतं. २३ एप्रिलला एजंटचा फोन बंद लागला. हनुमान जयंती होती, म्हणून पहिल्या दिवशी कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी अलकापुरीत शटर खाली होतं आणि बाहेर आणखी तीन कुटुंबं उभी होती. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं की सामान चार दिवसांपूर्वीच हललं.

काकांचा ठाम समज होता की पैसे अडकले तरी सहल सुरक्षित आहे, कारण व्हिसा आलाय आणि पीएनआर आलाय. मी त्यांना तिथेच विमान कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर टाकायला सांगितला. बुकिंग सापडलं नाही. जागा धरून ठेवली की सहा अक्षरांचा पीएनआर तयार होतो. पैसे न भरल्यास तो काही काळाने आपोआप सुटतो. खरं तिकीट म्हणजे १३ आकडी क्रमांक, पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. एअर इंडियाचा ०९८, एमिरेट्सचा १७६, स्विसचा ७२४. काकांच्या 'तिकिटावर' ती जागा कोरी होती, आणि चार महिन्यांत चार जणांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मीही माझ्या मुलीकडे जाताना कधी पाहिलं नव्हतं, हे कबूल करतो.

मग हॉटेल. साडूभाऊंच्या मुलाने रात्री दोन हॉटेलांना सरळ ईमेल टाकले. दोघांकडूनही उत्तर आलं की बुकिंग होतं, व्हिसासाठी ठसे दिल्यानंतरच्या आठवड्यात रद्द झालं. शेंगेन व्हिसाच्या (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या) अर्जाला राहण्याची सोय आणि प्रवासाचं आरक्षण दाखवावं लागतं. विनाशुल्क रद्द करता येणारी बुकिंगं लावून ती भागवतात आणि मग सोडून देतात. पासपोर्टातला स्टिकर म्हणजे अर्ज दिला त्या दिवशी कागद जागेवर होते, एवढंच. काका-काकूंनी तो स्टिकर देवापुढे ठेवून नमस्कार केला होता.

विमा मात्र खरा निघाला. शेंगेनला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, म्हणून पॉलिसी काढणं एजंटला भागच होतं. विमा कंपनीने पॉलिसी चालू असल्याचं सांगितलं. पण त्यात आजारपण, सामान, ठरावीक कारणांनी सहल रद्द होणं एवढंच होतं. टूर ऑपरेटरने दुकान गुंडाळणं त्या यादीत नव्हतं.

समोरचे पर्याय

या टप्प्यावर लेस्टरहून काकांच्या भाच्याचा फोन आला. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "मामा, ॲटॉल नंबर काय आहे?" ब्रिटनमध्ये विमानासह पॅकेज विकणाऱ्याला १९७३ पासून ही परवानगी घ्यावी लागते. प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत जातात, आणि विकणारी कंपनी बुडाली तर त्यातून परतावा मिळतो किंवा अडकलेल्याला घरी आणलं जातं. २३ सप्टेंबर २०१९ ला तिथली थॉमस कुक बुडाली तेव्हा परदेशात असलेल्या सुमारे दीड लाख ग्राहकांना विमान प्राधिकरणाने परत आणलं. (त्याच नावाची भारतातली कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची, तिला त्याचा धक्का बसला नाही.) युरोपीय संघातही पॅकेज विकणाऱ्याला दिवाळखोरीविरुद्ध हमी ठेवावी लागते. आपल्याकडे असा कायदेशीर निधी नाही, हे भाच्याला पटेना. "मग लोक बुक कसे करतात?" असं तो विचारत राहिला. काका गप्प होते.

निधी नसल्यावर जे उरतं ते असं होतं: पोलीस, ग्राहक आयोग, कार्डाचा चार्जबॅक (बँकेमार्फत कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत मागणं), आणि नव्याने पैसे घालून सहल वाचवणं. हे सगळे पर्याय दोघांना सारखे उपलब्ध नव्हते. कार्ड फक्त साडूभाऊंकडे होतं.

पोलिसांकडे जायचं यावर एकमत होतं, पण त्यात एक मेख होती. एजंटने शेवटच्या मेसेजमध्ये लिहिलं होतं की गो फर्स्ट बंद पडल्यापासून तो सावरलेला नाही. ती विमान कंपनी ३ मे २०२३ ला उड्डाणं थांबवून दिवाळखोरीत गेली आणि अनेक एजंटांचे पैसे तिथे अडकले, हे खरं आहे. याचेही अडकले असतील. पण फसवणुकीच्या गुन्ह्यात पैसे घेतानाच हेतू वाईट होता हे दाखवावं लागतं. धंद्यात बुडालेला माणूस आणि फसवणारा माणूस यांत कायदा फरक करतो. पोलीस "दिवाणी मामला आहे" म्हणतात ते याच आधारावर. इथे हॉटेल रद्द झाल्यानंतर सूट दाखवून उरलेले पैसे मागितले, हा तारखांचा क्रम आमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा होता.

सहल वाचवायची का, यावर दोन्ही घरांत भांडण झालं. साडूभाऊंचं म्हणणं होतं की व्हिसा आहे, मुदत आहे, आपण स्वतः बुक करू. काकांना आणखी पैसे घालणं म्हणजे जखमेवर मीठ वाटत होतं. शिवाय ज्या हॉटेलांच्या कागदांवर व्हिसा मिळाला ती रद्द झालेली. सीमेवर विचारलं तर? माझं मत असं होतं की त्याच देशात, त्याच तारखांच्या आसपास, खरी बुकिंगं हातात ठेवून गेलं तर अडचण येऊ नये. पण निर्णय त्यांचा.

काय केलं

साडूभाऊंच्या मुलाने २९ एप्रिललाच बँकेत कार्डाच्या व्यवहाराबद्दल लेखी वाद नोंदवला. बँकेचं उत्तर आलं की सेवेची तारीख १८ मे आहे, त्यानंतर या. मीही त्याला थांबायला सांगितलं. माझा सल्ला चुकीचा होता. कार्ड कंपन्यांच्या नियमांत अशा दाव्याला मुदत असते, साधारण १२० दिवसांची, आणि न मिळालेल्या सेवेसाठी ती सेवेच्या ठरलेल्या तारखेपासून मोजली जाते. त्यामुळे थांबून दावा बुडाला नसता. पण व्यापाऱ्याचं खातं रिकामं होण्याआधी पैसे अडवणं महत्त्वाचं असतं, आणि दुकानच बंद असेल तर तारखेची वाट बघायचं कारण राहत नाही. मुलाने बंद शटरचे फोटो, हॉटेलांचे ईमेल आणि विमान कंपनीचं "असं बुकिंग नाही" हे उत्तर जोडून पुन्हा लिहिलं. तीस दिवसांत तोडगा न निघाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, हेही लिहिलं. मे महिन्याच्या मध्यात २,०४,००० तात्पुरते जमा झाले, ऑगस्टमध्ये कायम झाले. दोन टक्केसुद्धा परत आले.

काकांच्या यूपीआयबद्दल बँकेने सरळ सांगितलं की व्यवहार तुम्ही स्वतः केला, पोहोचला, विषय संपला. चेकचंही तेच.

पोलिसांकडे अकरा कुटुंबांनी मिळून अरजी दिली. ७ मेला लोकसभेचं मतदान होतं, सगळं खातं बंदोबस्तात, म्हणून पहिले पंधरा दिवस नुसते हेलपाटे झाले. जूनमध्ये गुन्हा नोंदला गेला, तेव्हाच्या भारतीय दंड विधानाच्या कलम ४०६ (विश्वासघात) आणि ४२० (फसवणूक) खाली. (१ जुलैपासून नवी संहिता आली, पण घटना आधीची.) एकट्याने गेलेल्यांना परत पाठवलं होतं; अकरा जणांच्या तारखा एका तक्त्यात मांडल्यावर नमुना दिसला. तो तक्ता काकूंनी बनवला, शाळेच्या हजेरीपटासारखा, हाताने आखून.

जुलैमध्ये काकांनी जिल्हा ग्राहक आयोगात ई-दाखिल या ऑनलाइन पोर्टलवरून तक्रार केली. मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथेच दाखल करता येते. मुंबई-दिल्लीच्या कंपनीकडून बुक करणाऱ्यांना हे फार सोयीचं. फर्म प्रोप्रायटरी असल्यामुळे मालक व्यक्तिशः जबाबदार, म्हणून त्याला आणि ज्याच्या नंबरवर पैसे गेले त्या मुलाला, दोघांनाही सामनेवाले केलं. मुलाच्या वकिलाने सांगितलं की ते दोन लाख 'वैयक्तिक' होते. नशिबाने काकांनी व्हॉट्सॲप पुसलं नव्हतं. "फर्मच्या खात्यात लिमिटचा प्रॉब्लेम" आणि त्याखालचं "पेमेंट आलं काका, थँक यू" या दोन ओळींवर तो बचाव पडला.

याच महिन्यात रिटर्न भरताना काकांच्या पुण्याच्या जावयाने फॉर्म २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा प्राप्तिकर खात्याचा तक्ता, उघडला. टीसीएसच्या रकान्यात एजंटची, म्हणजे त्या २३,१०० ची, नोंदच नव्हती. बिल डिसेंबरचं, म्हणजे ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीचं विवरण १५ जानेवारीपर्यंत जायला हवं होतं. जावई फोनवर म्हणाले, "बाबा, फेब्रुवारीत हे पाच मिनिटं बघितलं असतं तर कळलं असतं." २० फेब्रुवारीच्या आधी बघितलं असतं तर काकांचे ३,७०,१०० त्यांच्याच खात्यात राहिले असते. त्यानंतर मी बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला. तिथे कुणालाही फर्मचं कायदेशीर नाव, मालकीचा प्रकार आणि कोणत्या महिन्याचं विवरण भरलं ते दिसतं. सप्टेंबर २०२३ नंतर एकही भरलेलं नव्हतं. म्हणजे पहिला चेक देण्याआधीच ते समोर होतं.

निष्पत्ती

साडूभाऊ आणि त्यांची पत्नी २१ मेला स्वतः तिकीट काढून गेले. विमान कंपनीच्या साइटवरून तिकीट, रद्द करता येणारी हॉटेलं, सहा रात्री फक्त स्वित्झर्लंड. सीमेवर परतीचं तिकीट आणि हॉटेल विचारलं, दाखवलं, पुढे गेले. नव्याने साडेतीन लाखांच्या आसपास खर्च झाला. पहिल्या चेकचे एक लाख अजून अडकलेले आहेत. त्यांनी वेगळी तक्रार केली आहे. त्यांनी बर्फातले फोटो स्टेटसला ठेवले आणि काकांनी दोन महिने त्यांचा फोन घेतला नाही. दोघी बहिणींचं बोलणं सुरू होतं, दुपारी, काका झोपल्यावर.

काका-काकू गेले नाहीत. विम्याची पॉलिसी न वापरता रद्द केल्यावर शुल्क कापून थोडी रक्कम आली. एजंटला जामीन मिळाला. आयोगाचा आदेश ऑगस्ट २०२५ मध्ये आला: ४,७०,१०० व्याजासह परत, वर त्रासाबद्दल आणि खर्चाबद्दल थोडे. काकांनी पेढे आणले होते. मी एकच खाल्ला, कारण आदेश हातात येणं आणि पैसे खात्यात येणं यांत बरंच अंतर असतं. एजंटच्या नावावर घर नाही, बायकोच्या नावावर आहे. वसुलीचा अर्ज केला. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली आदेश न पाळल्यास कैदही होऊ शकते, म्हणून तो थोडा हलला.

पुन्हा वेळ आली तर

काकांच्या बाजूने तीन ठिकाणी गाडी वळवता आली असती. सगळ्यात मोठं वळण २८ मार्चचं. १५,००० ची सूट ही तीन टक्क्यांची होती, आणि तिच्यासाठी हातातली एकमेव दोरी सोडली गेली. ज्याला महिनाअखेर पैसे हवेतच तो सूट देतो. का हवेत, हे विचारायला हवं होतं. त्या दिवशी फक्त एवढं म्हणता आलं असतं: "भाई, १३ आकडी तिकीट नंबर पाठवा, चेक लगेच देतो." खरं तिकीट काढणाऱ्या एजंटला यात अपमान वाटत नाही.

दुसरं, मुलाचा मोबाइल नंबर. बिल ज्या नावाचं त्याच नावाच्या खात्यात पैसे, याला अपवाद करायला नको होता. लिमिटचा प्रॉब्लेम असेल तर चेक होताच.

तिसरं वळण कार्डाचं, आणि इथे मी काकांशी अजून वाद घालतो. ते म्हणतात, कार्डाचे दोन टक्के म्हणजे उधळपट्टी. चार हजारांत दोन लाखांचं संरक्षण मिळालं, आणि तसा विमा कुठलीही कंपनी विकत नव्हती. कार्डाची मर्यादा कमी असेल तर सगळी नाही, निम्मी रक्कम तरी. मात्र हेही खरं की चार्जबॅक हा काही कायद्याने दिलेला हक्क नाही. कागद नसते तर साडूभाऊंचेही गेले असते.

माझ्याकडून राहिलं ते वेगळं. आमच्या मंडळाने या एजंटला तीनदा काम दिलं आणि एकदाही त्याचा जीएसटी क्रमांक कुणी तपासला नाही. मीही नाही. चारधामच्या बसमध्ये मी त्याच्या शेजारी बसलो होतो. काहीही विचारलं की तो म्हणायचा, "टेन्शन नहीं लेवानुं, हुं बेठो छुं ने." (टेन्शन घ्यायचं नाही, मी बसलोय ना.)

गेल्या आठवड्यात त्याच्या वकिलाने निरोप पाठवला: दीड लाख रोकडा घ्या आणि सगळं मागे घ्या. काका विचारायला आले. मी म्हटलं, रोकडा नको, डिमांड ड्राफ्ट. सगळं मागे नको, मिळालेल्या रकमेपुरती पावती. आणि उरलेल्याचे हप्ते आयोगापुढे लिहून. काकू म्हणाल्या, दीड तर दीड, घेऊन टाका. काकांनी अजून ठरवलेलं नाही. वसुली अर्जाची पुढची तारीख लागली आहे, आणि या वेळी साडूभाऊ त्यांना स्कूटरवरून आयोगात घेऊन जाणार आहेत.